निरोप येतात, उत्तर कुठे द्यायचे?

प्लॅटफॉर्म कंपनीच्या मालकीचे फारसे काही नसते. घरपोच जेवण देणारी कंपनी स्वयंपाक करत नाही, रिक्षा मिळवून देणारीकडे रिक्षा नसते, आणि ऑनलाइन बाजारात मांडलेला माल बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणा व्यापाऱ्याचा असतो. कंपनीकडे असते ती मधली जागा. गिऱ्हाईक, विक्रेता आणि माल पोहोचवणारा या तिघांना एकमेकांची खबर देत राहणे हे तिचे मुख्य काम. ऑर्डर स्वीकारली, रायडर निघाला, पैसे परत जमा होतील, दर वाढले, खाते बंद केले, अशा दोन-दोन ओळींच्या निरोपांवर सगळा व्यवहार चालतो. साबण विकणाऱ्या कारखान्याची जाहिरात बंद पडली तरी साबण उरतो. इथे निरोप थांबले तर विकायला काहीच उरत नाही.

भारतात अशा कंपन्यांचे सर्वांत मोठे ठाणे बेंगळुरू. फ्लिपकार्ट, मिंत्रा, स्विगी, ओला, रॅपिडो, फोनपे, झिरोधा, मीशो, शेअरचॅट ही नावे याच शहरातली, आणि त्यांतल्या कित्येकांची सुरुवात कोरमंगला किंवा एचएसआर लेआउटसारख्या भागांतल्या लहानशा जागेत झालेली. या कंपन्या आपल्या लोकांशी कसे बोलतात हे पाहू लागले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कंपनीकडून माणसाकडे येणारा रस्ता रुंद असतो आणि माणसाकडून कंपनीकडे जाणारी पायवाट अरुंद. ती जिथे रुंदावली, तिथे बहुधा कुणीतरी बाहेरून रेटा दिलेला असतो.

सुरुवातीला ही तफावत नव्हती. याचे सगळ्यांत बोलके उदाहरण डंझो. कबीर बिस्वास यांनी २०१५च्या सुमारास हा उद्योग सुरू केला तेव्हा त्याला ॲपसुद्धा नव्हते, होते ते व्हॉट्सॲप. विसरलेली किल्ली आणून द्या, औषध पोहोचवा, इस्त्रीचे कपडे आणा, असे काहीही लोक लिहायचे आणि पलीकडे बसलेला माणूस ‘हो, होईल’ म्हणून कामाला लागायचा. संभाषण हीच सेवा होती. गिऱ्हाइकाला नेमके काय हवे आहे हे कंपनीला विचारूनच कळत होते, कारण दुसरा मार्गच नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने डंझोत पैसे गुंतवले, भारतातल्या नवउद्योगातली त्या कंपनीची ती पहिली थेट गुंतवणूक. पुढे ॲप आले, ठरावीक पर्याय आले, आणि मोकळ्या बोलण्याची जागा बटणांनी घेतली. पैसा आटल्यावर जानेवारी २०२५ मध्ये डंझोचे ॲप आणि संकेतस्थळ दोन्ही बंद पडले.

हा बदल एकट्या डंझोचा नाही. शंभर गिऱ्हाइकांशी माणूस बोलू शकतो, एक कोटींशी नाही. मग निरोपांचे साचे तयार होतात. व्यवहाराचा निरोप वेगळा, जाहिरातीचा वेगळा, नियम बदलल्याचा वेगळा, तक्रारीला द्यायच्या उत्तराचा वेगळा. गिऱ्हाइकाने काय लिहायचे याचेही साचे बनतात. ‘तुमची अडचण निवडा’ म्हणून चार पर्याय दिसतात आणि पाचव्याच प्रकारची अडचण असलेला माणूस चॅटबॉटशी झुंजत बसतो. यात नेहमीच दुष्टावा असतो असे नाही. सामान हरवले, पैसे दोनदा कापले, पत्ता चुकला, अशा नित्याच्या तक्रारी साच्यातून खरोखर लवकर सुटतात. अडतो तो साच्याबाहेरचा.

जाहिरातीच्या निरोपांचे मोल कंपन्यांना किती वाटते, हे मिंत्राने २०१५ मध्ये दाखवून दिले. मे महिन्यात या कपडे विकणाऱ्या कंपनीने आपले संकेतस्थळ बंद केले आणि यापुढे खरेदी फक्त मोबाइल ॲपवरूनच होईल असे जाहीर केले. संगणकावरचे गिऱ्हाईक आपणहून येईल तेव्हाच येते. ॲप असलेल्या फोनची घंटी मात्र कंपनी हवी तेव्हा वाजवू शकते. लोकांना हे मानवले नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मोबाइलवरचे संकेतस्थळ आणि जूनमध्ये संगणकावरचे संकेतस्थळ परत आणावे लागले. निर्णय आधी कळवला होता, पण कुणाला विचारला नव्हता. कळवणे आणि विचारणे यांतला फरक कंपनीला साधारण वर्षभराने उमगला.

याच शहरातल्या झिरोधाने उलट वाट धरली. नितीन कामत यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या या शेअर दलाली कंपनीने गुंतवणूकदारांना ‘आज खरेदी करा, उद्या विका’ असे उचकवणारे निरोप पाठवायचे नाहीत, असे धोरण जाहीरपणे सांगितले. ‘व्हर्सिटी’ या नावाने शेअर बाजाराचे धडे फुकट उपलब्ध करून दिले आणि धोक्याचा व्यवहार करू पाहणाऱ्याला ‘नज’ नावाचा सावधगिरीचा इशारा पडद्यावर दिला. दलालाने गिऱ्हाइकाला व्यवहार करण्याआधी थांबवावे, हे या धंद्यात तरी नवलाचेच. अर्थात बाजार भरात असताना झिरोधाचीही यंत्रणा अधूनमधून अडकली आहे, आणि तेव्हा सौदा हातचा गेलेल्या गुंतवणूकदाराला व्हर्सिटीचे धडे गोड लागत नाहीत. पण रोज टोचणारे निरोप नसले की अडचणीच्या वेळी आलेला निरोप माणूस वाचतो तरी, एवढा फायदा या धोरणाला आहे.

टोचण्याची कला मात्र वाढतच गेली. ‘फक्त दोनच उरले’, ‘पाच मिनिटांत सवलत संपेल’, ‘नको, मला पैसे वाचवायचे नाहीत’ असे लिहिलेले नकाराचे बटण. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी नमूद करून ते निषिद्ध ठरवले. खोटी घाई लावणे, टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप टाकणे, नाही म्हणणाऱ्याला लाजवणे हे त्यांतले काही.

खरी कसोटी गडबड होते तेव्हा लागते. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने ‘बिग बिलियन डे’ नावाचा एक दिवसाचा महाविक्रय ठेवला. दहा तासांत सहाशे कोटी रुपयांचा माल विकला गेल्याचे कंपनीने सांगितले, पण गिऱ्हाइकांच्या लक्षात राहिले ते वेगळेच. संकेतस्थळ अडकले, टोपलीत घातलेल्या वस्तूचा भाव पैसे देईपर्यंत बदलला, सवलतीचा माल काही मिनिटांत संपला, आणि पैसे भरून झालेल्या ऑर्डरीही रद्द झाल्या. समाजमाध्यमांवर दिवसभर चेष्टा आणि संताप उसळला. दुसऱ्या दिवशी सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन्ही संस्थापकांच्या सहीचे माफीपत्र गिऱ्हाइकांच्या ईमेलमध्ये पोहोचले.

ते पत्र आजही अभ्यासण्यासारखे आहे, कारण त्यात ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ एवढेच लिहून सुटका करून घेतलेली नव्हती. भाव का बदलले, माल का संपला, ऑर्डरी का रद्द झाल्या, यंत्रणा का कोलमडली, असे एकेक दुखणे वेगळे काढून त्याचे कारण आणि पुढचा उपाय सांगितला होता. आपण तयारी केली होती पण ती पुरी पडली नाही, ही कबुलीही होती. सरकारी किंवा बँकेच्या भाषेची सवय असलेल्या भारतीय गिऱ्हाइकाला कंपनीचा मालक नाव लिहून ‘चुकलो’ म्हणतो हे नवे होते. राग पुरता गेला नाही, व्यापारी संघटनांनी सवलतींविरुद्ध सरकारकडे तक्रारी केल्या त्या केल्याच, पण पुढच्या वर्षी विक्रय एका दिवसाऐवजी अनेक दिवसांवर पसरला. नंतरच्या कित्येक कंपन्यांनी या पत्राचा सूर उचलला. दुर्दैवाने अनेकांनी सूरच उचलला, कारणे सांगण्याची शिस्त मागे राहिली.

संस्थापकाच्या तोंडून बोलण्याचा प्रघात पडला तसा त्याचा तोटाही दिसू लागला. जुलै २०२४ मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षण देण्याच्या कर्नाटक सरकारच्या विधेयकावर फोनपेचे प्रमुख समीर निगम यांनी समाजमाध्यमावर स्वतःच्या खात्यावरून नापसंती व्यक्त केली. मत त्यांचे स्वतःचे होते, पण फोनपे काढून टाकण्याची हाक कन्नड वापरकर्त्यांत फिरू लागली. काही दिवसांत निगम यांनी बिनशर्त माफी मागून कर्नाटकाविषयी आणि इथल्या लोकांविषयी आदर व्यक्त केला. त्याच वर्षी ६ ऑक्टोबरला विनोदी कलाकार कुणाल कामरा यांनी ओला इलेक्ट्रिकच्या दुरुस्तीसाठी रांगेत पडून असलेल्या स्कूटरींचा फोटो टाकला, तेव्हा कंपनीचे संस्थापक भाविश अगरवाल यांनी कामरांच्या कलाकारीवर टोमणे मारत उत्तर दिले. ही कंपनी प्लॅटफॉर्म नव्हे, स्कूटर बनवणारी आहे. पण मालकाच्या बोलण्याची तऱ्हा ॲपच्या जगातलीच. दुसऱ्या दिवशी कंपनीचा शेअर घसरला आणि केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची कारणे दाखवा नोटीस निघाली. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर वर्षभरात या स्कूटरींबद्दल १०,६४४ तक्रारी आल्याचा आकडा तेव्हा बाहेर आला. ज्यांनी मुकाट तक्रार नोंदवली होती त्यांची दखल एका भांडणामुळे घेतली गेली.

चारचौघांत बोंब मारली की काम होते, हा धडा गिऱ्हाइकांनी केव्हाच गिरवला आहे. ॲपमध्ये तक्रार करून दोन दिवस वाट पाहणारा माणूस समाजमाध्यमावर कंपनीचे नाव घेऊन लिहितो आणि तासाभरात ‘आम्हाला खासगीत क्रमांक पाठवा’ असे उत्तर येते. ‘खासगीत’ हा शब्द महत्त्वाचा. बोलणे चव्हाट्यावरून हलवणे ही त्या उत्तराची पहिली कामगिरी. शिवाय ज्याला इंग्रजीत लिहिता येते आणि ज्याचे लिहिणे चार माणसे वाचतात, त्यालाच ही वाट उपयोगी.

बाकीच्यांसाठी कायदा आहे. ई-कॉमर्सविषयीचे २०२०चे नियम सांगतात की तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यावी आणि महिन्यात निवाडा करावा. समाजमाध्यमांना लागू असलेल्या २०२१च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत पोचेसाठी २४ तास आणि निवाड्यासाठी सर्वसाधारणपणे १५ दिवसांची मुदत ठेवली गेली, आणि २०२२च्या दुरुस्तीने त्यावर अपिलाची सोय केली. पोच यंत्रच पाठवते, त्यामुळे पहिली अट पाळणे कुणालाच जड जात नाही. निवाड्याचे तसे नाही. तिथे १९१५ या क्रमांकाची ग्राहक हेल्पलाइन आणि प्राधिकरणाचा बडगा लागतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये याच प्राधिकरणाने ओला कॅब्सला बजावले की परताव्याचे पैसे पुढच्या फेरीच्या कूपनमध्ये घ्यायचे की बँक खात्यात, हे प्रवाशाला निवडता आले पाहिजे. तोवर पडद्यावर कूपनचाच पर्याय दिसत असे. मागायलाच जागा नसली तर मागणी नोंदवली जात नाही, आणि नोंद नसली की तक्रार नाही असे कागदोपत्री दाखवता येते.

कंपनी कोणत्या भाषेत बोलते हाही साधा प्रश्न नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये तमिळनाडूतल्या एका गिऱ्हाइकाला झोमॅटोच्या ग्राहक सेवेतून ‘थोडी हिंदी यायलाच हवी’ असे उत्तर मिळाले, तेव्हा कंपनीला तमिळ आणि इंग्रजीत माफीनामा काढावा लागला. ॲपची तमिळ आवृत्ती आणि कोईम्बतूरला ग्राहक सेवा केंद्र उभारत असल्याचे तिने त्यात सांगितले. बेंगळुरूत मात्र भारतीय भाषांवरच उभ्या राहिलेल्या कंपन्याही झाल्या. आयआयटी कानपूरच्या तिघा विद्यार्थ्यांनी काढलेल्या शेअरचॅटने मराठीसह अनेक भाषा ठेवल्या आणि इंग्रजी मुद्दाम वगळली. सुप्रभातची चित्रे, अभंग, शेतीचे सल्ले आणि राजकीय टोलेबाजी यांनी भरलेले तिथले मराठी विश्व इंग्रजी वर्तमानपत्रांना बरीच वर्षे दिसलेच नाही. मार्च २०२० मध्ये कन्नडपासून सुरू झालेल्या ‘कू’ या समाजमाध्यमाने तर भाषांचा झेंडाच खांद्यावर घेतला होता. जुलै २०२४ मध्ये ते बंद झाले तेव्हा संस्थापकांनी निरोपाचे पत्र लिंक्डइनवर इंग्रजीत टाकले. गुंतवणूकदारांना आणि पत्रकारांना ते सोयीचे होते.

बटणांवरची अक्षरे मराठीत आणि अटी-शर्ती इंग्रजीत, अशी अर्धी भाषांतरे आजही अनेक ॲपमध्ये भेटतात. माहिती तंत्रज्ञान नियमांच्या २०२२च्या दुरुस्तीने आणि २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांची सोय सांगितली आहे. वरवर पाहता ही बारीकशी बाब. पण जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने नव्या गोपनीयता धोरणाला ८ फेब्रुवारीपर्यंत संमती द्या असा संदेश पडद्यावर झळकवला, तेव्हा त्यातले काय बदलले हे बहुसंख्यांना कळले नाही. अफवा पसरल्या, लोक सिग्नल आणि टेलिग्रामकडे वळले, आणि कोट्यवधी फोनवर क्षणात पोहोचू शकणाऱ्या कंपनीला खुलाशासाठी भारतातल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती द्याव्या लागल्या. मुदत १५ मेपर्यंत लांबली.

वापरणाऱ्यांना खरोखर विचारून पाहण्याचा प्रयोगही झाला आहे. फेसबुकने २००९ मध्ये नियमबदलांवर मतदान ठेवले. तीस टक्क्यांहून अधिक वापरकर्त्यांनी मत दिले तरच कौल बंधनकारक, अशी अट होती. डिसेंबर २०१२ मध्ये ही मतदानाची सोयच रद्द करण्याच्या प्रस्तावावर सुमारे ६ लाख ६८ हजार मते पडली, त्यांतली ८८ टक्के विरोधात. पण वापरकर्ते शंभर कोटींहून अधिक, म्हणजे हवी होती तीस कोटी मते. प्रस्ताव पार पडला. याउलट विकिपीडियावर, जी कंपनी नव्हे तर धर्मादाय संस्था चालवते, चर्चा आधी आणि निर्णय नंतर असा रिवाज आहे. मराठी विकिपीडियावर त्या चर्चेच्या पानाचे नावच ‘चावडी’. बेंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’ने २०१२ पासून मराठी, कन्नड, तेलुगू अशा भाषांतल्या संपादकांबरोबर काम केले आहे. चावडीवरचे वाद रेंगाळतात, कधी विकोपालाही जातात, पण ते सगळ्यांसमोर होतात आणि नंतर कुणालाही वाचता येतात.

गिऱ्हाईक निदान दुसरे ॲप उघडू शकते. ज्याची रोजची कमाई ॲपवर आहे त्याचे काय? रायडरला किंवा चालकाला कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. पण त्याच्या पडद्यावरचे निरोप भागीदाराला पाठवावेत असे नसतात. दर बदलला, इन्सेन्टिव्हचा टप्पा वर सरकला, रेटिंग घसरले, आयडी ब्लॉक झाला. आयडी ब्लॉक होणे म्हणजे कामावरून काढणे, फक्त काढणारा माणूस समोर नसतो. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईत आणि पुढे हैदराबादेत स्विगीच्या रायडरांनी काम बंद केले तेव्हा त्यांचे म्हणणे होते की एका फेरीचा मूळ दर ३५ रुपयांवरून १५ रुपयांवर आणला. कंपनीचे म्हणणे, १५ रुपये हा मोबदल्याचा एकच भाग आहे, हाती पडणारी रक्कम त्याहून जास्त असते. हिशोब कसा होतो हे रायडरला उलगडून सांगितलेले असते तर या वादाचा निदान आकड्यांपुरता निकाल लागला असता. अशा वेळी रायडरांना खरी माहिती मिळते ती त्यांच्या स्वतःच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. कोणत्या भागात ऑर्डरी आहेत, कुणाचा आयडी गेला, कुठल्या कार्यालयात कोण भेटतो, हे सगळे तिथे कळते.

बेंगळुरूच्याच आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेतले संशोधक ‘फेअरवर्क’ या प्रकल्पाखाली भारतातल्या अशा कंपन्यांना दहापैकी गुण देतात. वेतन, कामाची स्थिती, करार, व्यवस्थापन आणि प्रतिनिधित्व हे निकष. २०२३ आणि २०२४च्या अहवालांत प्रतिनिधित्वाचा गुण एकाही कंपनीला मिळाला नाही. वैयक्तिक तक्रार ऐकायला काही कंपन्या तयार असतात, संघटित म्हणणे ऐकायला नाही.

रिक्षावाल्यांनी यावर वेगळा तोडगा काढून पाहिला. ऑक्टोबर २०२२ मध्ये जादा भाड्याच्या तक्रारींवरून कर्नाटकच्या परिवहन खात्याने ओला, उबर आणि रॅपिडोच्या रिक्षासेवेवर बडगा उगारला होता. त्याच सुमारास, १ नोव्हेंबरला, कन्नड राज्योत्सवाच्या दिवशी, ‘नम्म यात्री’ हे ॲप सुरू झाले. जसपे ही बेंगळुरूची कंपनी आणि रिक्षाचालकांची एआरडीयू ही संघटना यांनी मिळून ते उभे केले. भाड्यातून कमिशन नाही, पैसे प्रवाशाकडून थेट चालकाच्या हाती, आणि पुढे चालकाकडून दिवसाला २५ रुपयांसारखी ठरावीक वर्गणी. त्याहून वेगळी गोष्ट म्हणजे किती शोध झाले, किती फेऱ्या झाल्या, चालकांनी किती कमावले, हे आकडे सर्वांना पाहता येतील असे खुले ठेवले, ॲपची मूळ संगणकीय संहिताही खुली केली. त्यामुळे प्रवाशांची सगळी गाऱ्हाणी मिटली असे नाही. चालक येऊन जास्तीचे पैसे मागतो ही कुरकुर तिथेही आहे. पण चालक आणि कंपनी यांच्यात वाद झाला तर दोघे एकाच आकड्यावर बोट ठेवू शकतात.

मे २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने ॲपवर काम करणाऱ्या गिग कामगारांसाठी वटहुकूम काढला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने त्याचा कायदा केला. राजस्थानने २०२३ मध्ये असा पहिला कायदा केला होता. कर्नाटकाच्या कायद्यातली कल्याण निधीची तरतूद जास्त गाजली. फेरीच्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के शुल्क कंपनीने भरायचे आहे. पण त्यातली संवादाची कलमे तेवढीच वजनदार आहेत. करार सोप्या भाषेत हवा, आणि तो कन्नड, इंग्रजी किंवा कामगाराला येणाऱ्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळायला हवा. बेळगाव किंवा बिदरहून आलेल्या मराठी रायडरला तो मराठीत मागता येईल. अटी बदलायच्या तर चौदा दिवस आधी कळवायचे, काढून टाकायचे तर लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना द्यायची. काम वाटणाऱ्या आणि रेटिंग ठरवणाऱ्या यंत्रणेचा कामगारावर काय परिणाम होतो याची माहिती मागण्याचा त्याला हक्क आहे. कंपनीत तक्रारीसाठी अंतर्गत समिती हवी, आणि शंका विचारायला चॅटबॉट नव्हे, माणूस नेमलेला हवा.